रेणूंचे मोल, मोलचे रेणू: गुणायचं कधी आणि भागायचं कधी?

निळी शाई

सध्या भाचीचा रसायनशास्त्राचा अभ्यास घेतेय आणि मोलच्या धड्यावर गाडी अडलीय. व्याख्या तिला पाठ आहे, ॲव्होगॅड्रो अंक, म्हणजे एका मोलमध्ये किती कण तो आकडा, ६.०२२ × १०^२३, झोपेतून उठवून विचारला तरी सांगेल, पण गणित समोर आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "मावशी, इथे गुणायचं का भागायचं?" काल ३.०११ × १०^२३ रेणू कार्बन डायऑक्साइड म्हणजे किती मोल असं गणित होतं, तर तिनं सरळ गुणलं आणि १.८१ × १०^४७ मोल असं उत्तर छान चौकट करून लिहिलं, आणि त्यात तिला काहीच खटकलं नाही. गुणलं याचं मला फार काही वाटलं नाही, पण खटकलं नाही याचं वाटलं. कुठे गुणायचं आणि कुठे भागायचं याची यादी मला तिला पाठ करायला द्यायची नाहीये, तिला आतून कळायला हवं. इथे शिकवणारे आणि लॅबमध्ये काम करणारे बरेच जण आहेत, तुम्ही हे कसं समजावता?

खडूफळा

तुम्ही बरोब्बर जागी बोट ठेवलंय. बरीच वर्षं शिकवतोय, आणि या धड्यात मुलं अडतात ती गुणाकार भागाकारामुळे नाही, तर १०^२३ आणि १०^४७ हे दोन्ही आकडे त्यांना सारखेच वाटतात म्हणून. दोन्ही "खूप मोठे", संपलं.

तेव्हा ते १०^४७ वालं उत्तर खोडू नका, त्याचं पुढे काय होतं ते तिच्याकडूनच काढून घ्या. एक मोल कार्बन डायऑक्साइड ४४ ग्रॅम. म्हणजे १.८१ × १०^४७ मोल झाले साधारण ८ × १०^४८ ग्रॅम, किलोमध्ये ८ × १०^४५. आता सूर्याचं वस्तुमान साधारण २ × १०^३० किलो. भागून बघा, ४ × १०^१५ सूर्य, म्हणजे चाळीस कोटी कोटी सूर्यांइतका कार्बन डायऑक्साइड. आणि खरं उत्तर काय, तर अर्धा मोल, २२ ग्रॅम! हे एकदा स्वतःच्या हातानं काढलं ना की १०^४७ दिसल्यावर पोर आपोआप थबकते, पुन्हा सांगावं लागत नाही.

मग माझा एक हट्ट असतो, पेन उचलायच्या आधी अंदाज सांगायचा. एका मोलात ६.०२२ × १०^२३ रेणू. दिलेत किती? ३.०११ × १०^२३. मोलपेक्षा जास्त की कमी? कमी, आणि डोळ्यांना दिसतंय की निम्मे आहेत. झालं, उत्तर ०.५ मोल, भागाकार नंतर नुसता खात्रीसाठी करायचा.

सहज विचारतोय

एक बेसिक शंका विचारू का, कुणी रागावू नका. मुळात हे मोल हवंच कशाला? रेणू मोजायचेत तर रेणूच सांगा ना, ग्रॅम हवेत तर ग्रॅम सांगा, मध्ये हे तिसरं कशाला घुसवलंय? शाळेत कधी कुणी सांगितलंच नाही, डझनसारखं असतं एवढं एकच वाक्य आठवतंय, १२ म्हणजे डझन तसं ६.०२२ × १०^२३ म्हणजे मोल.

खडूफळा

रागावायचं काय त्यात, हाच प्रश्न वर्गात कुणी विचारला तर मला बरं वाटतं.

डझन चालतं पण अर्ध्या वाटेपर्यंतच. मोल ही एक ठराविक संख्या आहे एवढं त्यातनं कळतं, पण हीच संख्या का घेतली ते कळत नाही, आणि सगळी गंमत तिथेच आहे. रेणू इतके बारीक की मोजून घेता येत नाहीत, आपल्याला येतं ते फक्त वजन करता. आणि रासायनिक क्रिया मात्र ग्रॅमवर चालत नाही, संख्येवर चालते. हायड्रोजनचे दोन रेणू आणि ऑक्सिजनचा एक मिळून पाण्याचे दोन रेणू, हा हिशोब मोलमध्ये जसाच्या तसा राहतो, दोन मोल आणि एक मोल मिळून दोन मोल. ग्रॅममध्ये तोच हिशोब ४ ग्रॅम आणि ३२ ग्रॅम मिळून ३६ ग्रॅम असा होतो, त्यात २:१:२ कुठे दिसतं का? नाही. म्हणून अशी संख्या निवडली की रेणुवस्तुमानाचा जो आकडा असतो तेवढेच ग्रॅम घेतले की त्यात बरोबर एक मोल रेणू यावेत. पाण्याचं रेणुवस्तुमान १८, तर १८ ग्रॅम पाण्यात ६.०२२ × १०^२३ रेणू. तराजूवर दिसतं ते आणि रेणूंच्या पातळीवर घडतं ते, या दोन्हींना जोडणारा पूल म्हणजे मोल. ग्रॅमवरून रेणूंवर जायचं तर या पुलावरूनच जायचं, दुसरा रस्ता नाही.

सहज विचारतोय

ओह. हे असं कुणी तेव्हा सांगितलं असतं तर... धन्यवाद सर, खरंच.

प्रयोगवही

निळी शाई, खडूफळा सरांचं अंदाजाचं पटलंच, त्यात माझी एक भर, एकक आकड्यासोबत लिहायला लावा आणि प्रत्येक ओळीत लिहायला लावा. ६.०२२ × १०^२३ हा नुसता आकडा नाहीये हो, तो "रेणू प्रति मोल" आहे. मोल दिलेत ०.२५, तर

०.२५ मोल × ६.०२२ × १०^२३ रेणू प्रति मोल

यात मोलला मोल कटतं आणि उरतात रेणू, १.५०६ × १०^२३ रेणू. तेच उलट, रेणू दिलेत आणि मोल हवेत, तर रेणू कटायला हवेत, म्हणून भागायचं. चुकून गुणलंच तर उत्तराचं एकक येतं "रेणू वर्ग प्रति मोल", असलं काही नसतंच, म्हणजे चूक तिथल्या तिथे पकडली जाते. गुणायचं का भागायचं हा प्रश्न मग उरतच नाही, ते एककं ठरवतात.

मला ते सूत्र त्रिकोणात मांडून, हवी ती राशी बोटानं झाकून गुणायचं का भागायचं ते बघायचं प्रकरण अजिबात आवडत नाही. त्रिकोण विसरला की सगळं विसरलं, आणि परीक्षेत नेमका तोच विसरतो.

सांजवात

त्रिकोणाला इतकं वाईट नका म्हणू. काही मुलांना सुरुवातीला हाताला धरायला काहीतरी लागतं. मी तरी आधी त्रिकोण देते, मुलं रुळली की काढून घेते. एककं कापणं हे ज्याला अपूर्णांक नीट येतात त्याला जमतं, ज्याचा अपूर्णांकच कच्चा आहे तो "प्रति मोल" बघूनच गळपटतो, मग रसायनशास्त्र बाजूला ठेवून आधी अपूर्णांक शिकवावे लागतात.

प्रयोगवही

मग तेच शिकवूया ना ताई. कच्चं आहे ते झाकून पुढे गेलो तर पुढे मोलॅरिटी (द्रावणात लिटरमागे किती मोल) येते, सीमित अभिकारक (क्रियेत आधी संपणारा पदार्थ) येतो, आणि दर ठिकाणी नवा त्रिकोण लागतो. एककांची सवय एकदा लागली की ती सगळीकडे पुरते. पण हो, अगदी पहिल्या दिवशी काय द्यायचं हे समोरचं मूल बघूनच ठरवावं लागतं, ते मान्य.

अर्धा चंद्र

मी स्वतः सध्या याच परीक्षेची तयारी करतोय म्हणून लिहितो, आमच्या ग्रुपमध्ये रीत बरोबर असून उत्तर चुकतं ते कॅल्क्युलेटरमुळे आणि हे कुणी शिकवत नाही. दोन ठिकाणी होतं. एक म्हणजे ईएक्सपी लिहिलेलं बटण असतं त्या बटणाचा अर्थच "गुणिले दहाचा घात" असा आहे, पण मुलं ६.०२२ × १० दाबून मग ते बटण दाबून २३ दाबतात, म्हणजे दहा दोनदा गेले आणि आकडा ६.०२२ × १०^२४ झाला, उत्तर बरोब्बर दहापटीनं चुकतं आणि दहापट चूक अंदाजात पण पटकन दिसत नाही. दुसरं, घाताचं साधं बटण वापरून ३.०११ × १०^२३ ÷ ६.०२२ × १०^२३ असं सलग दाबलं की कॅल्क्युलेटर फक्त ६.०२२ नं भागतो आणि शेवटच्या १०^२३ नं परत गुणतो, उत्तर येतं ५ × १०^४५. खालच्या आकड्याला कंस घालायलाच लागतो.

आणि खरं सांगायचं तर कॅल्क्युलेटर लागतच नाही. पुढचे आकडे वेगळे भागा, घात वेगळे वजा करा. ९.०३३ × १०^२२ रेणू अमोनिया, ९.०३३ भागिले ६.०२२ म्हणजे १.५, २२ वजा २३ म्हणजे उणे १, उत्तर ०.१५ मोल. अमोनियाचं रेणुवस्तुमान १७ म्हणून २.५५ ग्रॅम. संपलं.

निळी शाई

अर्धा चंद्र, ते बटणाचं आजच तिला दाखवलं. तिच्या वहीतली दोन उत्तरं दहापटीनं चुकलेली होती आणि आम्हाला दोघींना कारण सापडत नव्हतं, ते हेच निघालं! अंदाज आधी सांगायचा हेही सुरू केलंय, तिला आवडलंय.

आता पुढचा गुंता. "०.२५ मोल पाण्यात हायड्रोजनचे अणू किती" असं विचारलं की ती परत हरवते. आणि "एक मोल ऑक्सिजन" म्हटलं की १६ ग्रॅम का ३२ ग्रॅम यावर आमचा वाद झालाय.

खडूफळा

ऑक्सिजनच्या बाबतीत प्रश्नच अर्धवट आहे, भाचीला म्हणावं वाद घातलास ते चांगलं केलंस. मोल कशाचे ते सांगितल्याशिवाय मोल हा शब्द अर्धाच. एक मोल ऑक्सिजनचे अणू म्हणजे १६ ग्रॅम, एक मोल ऑक्सिजनचे रेणू म्हणजे ३२ ग्रॅम, एक मोल ओझोनचे रेणू म्हणजे ४८ ग्रॅम. तिन्हीकडे मोजलेल्या कणांची संख्या तीच, ६.०२२ × १०^२३, पण कण वेगळा. ऑक्सिजन वायू म्हटलं की रेणूच धरायचे, कारण तो तसाच असतो. हेच गंधकात आणि पांढऱ्या फॉस्फरसमध्ये फार चुकतं, गंधकाच्या रेणूत ८ अणू असतात म्हणून रेणूंचा एक मोल २५६ ग्रॅम, पांढऱ्या फॉस्फरसच्या रेणूत ४ म्हणून १२४ ग्रॅम.

पाण्याचं गणित दोन पायऱ्यांत करा, एका उडीत नको. आधी रेणू काढा, ०.२५ मोलचे १.५०६ × १०^२३ रेणू. मग एका रेणूत हायड्रोजनचे दोन, म्हणून ३.०११ × १०^२३ अणू. एकूण अणू विचारले तर रेणूंच्या तिप्पट, ४.५१७ × १०^२३. प्रश्नात "रेणू" आहे का "अणू" आहे, त्या शब्दाखाली रेघ मारायची सवय लावा, निम्मे मार्क तिथेच वाचतात.

प्रयोगवही

आणि सोडियम क्लोराइड आलं की रेणू म्हणायचंच नाही. त्या स्फटिकात सुटा रेणू असा नसतोच, सोडियम आणि क्लोराइड आयनांची अखंड जाळी असते. तिथे सूत्र एकक, म्हणजे सूत्रात लिहिलेला आयनांचा गट, मोजायचं. ५८.५ ग्रॅममध्ये ६.०२२ × १०^२३ सूत्र एककं, पण आयन मोजले तर दुप्पट, १.२०४ × १०^२४.

सहज विचारतोय

आता मला इंटरेस्ट यायला लागलाय. पण हा आकडा आला कुठून? कुणी रेणू मोजले असतील असं तर शक्य नाही. ॲव्होगॅड्रोनं काढला का?

लॅबवाला

नाही, ॲव्होगॅड्रोला हा आकडा कधीच माहीत नव्हता. त्यानं १८११ मध्ये मांडलं ते एवढंच की तापमान आणि दाब सारखे असतील तर सारख्या आकारमानाच्या कुठल्याही वायूत रेणूंची संख्या सारखी असते, संख्या किती ते नाही. त्याकडे कितीतरी वर्षं कुणी फारसं लक्षही दिलं नाही, तो १८५६ मध्ये गेला आणि १८६० च्या कार्ल्सरूहच्या परिषदेत कानिझ्झारोनं ते नव्यानं मांडल्यावर मग लोकांना पटायला लागलं. रेणूच्या आकाराचा पहिला बरा अंदाज १८६५ मध्ये लोश्मिटनं केला. पुढे १९०९ मध्ये झाँ पेरँनं या संख्येला ॲव्होगॅड्रोचं नाव द्यावं असं सुचवलं, त्यानं पाण्यात तरंगणाऱ्या बारीक कणांच्या हालचालीवरून आणि इतर रीतींनी ती मोजली होती, १९२६ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं.

पण मला सगळ्यात भारी वाटतं ते हे, की वेगवेगळ्या वाटांनी गेलात तरी आकडा तोच येतो, आणि ते आपण कागदावर करून बघू शकतो. एक वाट विजेची. एक मोल इलेक्ट्रॉनांचा एकूण प्रभार ९६,४८५ कुलोम, हा विद्युत अपघटनातून मोजता येतो. एका इलेक्ट्रॉनचा प्रभार १.६०२२ × १०^-१९ कुलोम. भागा, ६.०२२ × १०^२३.

दुसरी वाट स्फटिकाची. सिलिकॉनच्या स्फटिकात अणू एकसारख्या घनाकृती घरांत बसलेले असतात, एका घराची बाजू क्ष-किरणांनी मोजलेली आहे, ५.४३१ × १०^-८ सेंटीमीटर, आणि एका घराच्या वाट्याला ८ अणू येतात. घनता २.३२९ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर, एका मोलचं वस्तुमान २८.०८६ ग्रॅम. आता एका मोलचं आकारमान काढा, त्याला एका घराच्या आकारमानानं भागा, आठनं गुणा. परत ६.०२२ × १०^२३! विजेचा आणि या स्फटिकाच्या मोजमापाचा एकमेकांशी काही संबंध नाही आणि तरी दोन्हीकडे अणू तितकेच भरतात. अणू खरे आहेत याचा याहून चांगला पुरावा विद्यार्थ्याला दुसरा कुठला द्यायचा?

अलीकडे हेच फार बारकाईनं केलं गेलं, जवळपास शुद्ध सिलिकॉन-२८ चे साधारण एक किलोचे गोळे बनवून, व्यास ९.४ सेंटीमीटरच्या आसपास. आणि २० मे २०१९ पासून मोलची व्याख्याच बदलली. आधी १२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जितके अणू तितके कण म्हणजे एक मोल असं होतं, आता थेट ६.०२२१४०७६ × १०^२३ कण म्हणजे एक मोल. आकडा आता ठरवून दिलाय, तो मोजायची गरज उरली नाही. शाळेच्या गणितात यानं काही फरक पडत नाही, ६.०२२ पुरतं.

सांजवात

ते २२.४ लिटरचं पण कुणीतरी लिहा, मुलं सगळीकडे तेच लावतात, अगदी द्रवाला सुद्धा.

खडूफळा

हो, ते राहिलंच. २२.४ लिटर फक्त वायूला, आणि तेही ० अंश सेल्सिअस आणि १ ॲटमॉस्फिअर दाबालाच. दाब १ बार धरला तर २२.७ लिटर होतात, नव्या पुस्तकांत हा आकडा दिसतो म्हणून गोंधळ उडतो, दोन्ही बरोबर आहेत, दाब बघायचा. २५ अंशाला गेलात तर १ ॲटमॉस्फिअरला साधारण २४.५ लिटर. पाणी द्रव आहे तोवर त्याचा एक मोल म्हणजे १८ मिलिलिटर, तिथे २२.४ चा काही संबंध नाही. १ मिलिलिटर पाण्यात ३.३४ × १०^२२ रेणू, आणि ० अंशाला १ ॲटमॉस्फिअर दाबाच्या वायूच्या १ मिलिलिटरमध्ये फक्त २.६९ × १०^१९. हजारपटीहून जास्त फरक, वायूत रेणू किती विरळ असतात ते या दोन आकड्यांत दिसतं.

लॅबवाला

हे पुस्तकापुरतं नाहीये हेही भाचीला सांगा. रक्तातल्या ग्लुकोजचा रिपोर्ट काही देशांत मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देतात, काही देशांत मिलिमोल प्रति लिटरमध्ये. ग्लुकोजचं रेणुवस्तुमान १८०, म्हणून पहिल्या आकड्याला १८ नं भागलं की दुसरा मिळतो, ९० चे ५ होतात. आणि ५ मिलिमोल म्हणजे लिटरमागे ३ × १०^२१ रेणू.

माझ्या रोजच्या कामात तर रेणूच मोजावे लागतात. पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवायची रीत, करताना नळीत डीएनएच्या किती प्रती घातल्या ते हवं असतं, आणि यंत्र सांगतं नॅनोग्रॅम. समजा ३००० बेस जोड्यांचा (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या) प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचं छोटं कडं, एका जोडीचं वस्तुमान सरासरी ६५० धरायचं, म्हणजे एका मोलचे १९.५ लाख ग्रॅम. एक नॅनोग्रॅम भागिले ते, ५.१३ × १०^-१६ मोल, गुणिले ॲव्होगॅड्रो अंक, साधारण ३१ कोटी प्रती. ग्रॅम, मोल, रेणू, तोच रस्ता, भाचीच्या वहीतलाच, फक्त घात वेगळे. अट्टोमोल म्हणजे १०^-१८ मोल इतकं इवलंसं प्रमाण ऐकलं की वाटतं काहीच नाही, पण त्यात ६ लाखांवर रेणू असतात.

निळी शाई

तिनं स्वतः हा धागा वाचला आणि ३१ कोटी परत करून बघितले, आले. आता तिचाच एक प्रश्न, तिच्या शब्दांत टाकते. "०.१ मोल ॲल्युमिनियम सल्फेट, आयन किती आणि ऑक्सिजनचे अणू किती? मी आयन ३.०११ × १०^२३ काढलेत, बरोबर का? अंदाज आधी केला होता, एका मोलपेक्षा कमी येतील असा."

प्रयोगवही

एकदम बरोबर. सूत्र एककात ॲल्युमिनियमचे २ आयन आणि सल्फेटचे ३, एकूण ५, म्हणून ०.५ मोल आयन. ऑक्सिजनचे प्रत्येक सल्फेटमध्ये ४, तीन सल्फेटचे १२, म्हणून १.२ मोल, म्हणजे ७.२३ × १०^२३ अणू. इथे अंदाज एका मोलपेक्षा जास्तचा यायला हवा, तो आधी आला का ते विचारा तिला.

निळी शाई

विचारलं. "१२ × ०.१, म्हणजे एकाच्या थोडं वर" असं लगेच म्हणाली, गुणायचं का भागायचं हे नाही विचारलं.